“रबर गेलंय, शेठ”

माझी पिकअप २०११ ची. ओतूरहून माळशेजमार्गे कल्याणच्या मार्केटला भाजी नेतो, आठवड्याला तीन-चार खेपा. गाडी म्हातारी झाली की बोलायला लागते, असं आमच्या लाईनीवरचे ड्रायव्हर म्हणतात. माझी बोलायची ती उजव्या दरवाजातून. खड्डा आला की किर्र, गतिरोधक आला की किर्र. रात्री दोनला घाट उतरताना इंजिनापेक्षा तोच आवाज डोक्यात बसायचा.

पहिली चूक माझी, ती आधीच सांगतो. आवाज बंद करायला मी दोन महिने दरवाजाच्या रबराला हाताशी असेल ते चोपडत होतो. कधी ग्रीस, कधी जळकं ऑइल. आठवडाभर गप्प, मग पुन्हा सुरू, आणि वर रबर फुगून चिकट झालेलं.

मे महिन्यात रिकामी गाडी घेऊन परत येताना हायवेवरच्या एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात थांबलो. नाव लिहीत नाही, गावही नाही. खरं तर थांबलो होतो सीट कव्हरची चौकशी करायला. मालकाने दरवाजा एकदा उघडला, एकदा लावला, मान हलवली. “रबर गेलंय, शेठ. दोन्हीकडचं. पावसाळ्यात आत तळं होईल.”

त्याचा पोरगा तोवर दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यात बोटं घालून वाकला होता. मिनिटभराने त्याने रबर ओढून दाखवलं, चांगलं वीतभर फाटलेलं. “हे बघा काका.” मला खरंच लाज वाटली, की इतकं फाटलं आणि आपल्याला दिसलं नाही.

“कंपनीचा ओरिजिनल किट” म्हणून त्याने स्टिकर लावलेली पिशवी काढली. दोन दरवाजे, मजुरीसकट ४,६०० रुपये. बिलाचं विचारलं तर “पक्कं पाहिजे तर टॅक्स वर लागेल.” मी नको म्हणालो. ही दुसरी चूक. वहीच्या कागदावर “रबर किट २ नग” एवढं लिहून मिळालं, आणि पैसे स्कॅन करून पाठवले तर नाव आलं कुठल्याशा बाईचं.

काम अर्ध्या तासात झालं. तेवढ्यात मी चहा प्यायलो. परत आलो तेव्हा पोरगा ट्यूबमधलं चिकटवायचं सोल्यूशन चौकटीच्या पत्र्यावर लावत होता. तेव्हाच पुढे होऊन त्याचा हात धरायला हवा होता, का ते पुढे सांगतो. जुनी रबरं ड्रममध्ये पडली होती. त्यातला हातभर तुकडा मी उचलून घेतला. क्रेट एकमेकांवर घासतात, तिथे मध्ये घालायला बरा पडतो.

किर्र थांबली होती हे खरं. पण दरवाजा आता लागेना. आदळावा लागायचा. मालक म्हणाला, “नवीन आहे, बसेल आठ दिवसांत.” आठ दिवसांत काही बसलं नाही. ऐंशीच्या वर गाडी गेली की शिट्टी वाजू लागली. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माळशेजला पहिला मोठा पाऊस लागला. धुकं असं, की बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं, आणि माझ्या उजव्या मांडीवर थेंब. टप. टप. पुढचा बोगदा येईपर्यंत पँट ओली. दरवाजाच्या खिशात ठेवलेली आरसी आणि पीयूसी चिकटून एक झाली.

दुकानात गेलो. मालक शांतपणे म्हणाला, “गॅरंटी आवाजाची दिली होती, पाण्याची नव्हे. किरकिर येते का? नाही ना?”

आमच्या गावात एक पत्र्याचं काम करणारे मामा आहेत, सत्तरीच्या आसपासचे. त्यांनी रबराकडे पाहिलंच नाही. दरवाजा अर्धा उघडला, हँडलच्या टोकाला धरून वर उचलला. चांगला बोटभर वर-खाली झाला. “बिजागरीची पिन झिजलीय बाळा. दरवाजा लोंबतोय. लोंबतोय म्हणून रबरावर घासतोय, घासतोय म्हणून ओरडतोय. तू रबराला का मारलंस?”

मग त्यांनी दहाची नोट काढली. दरवाजात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दरवाजा लावला आणि नोट ओढली. जिथे पकड आहे तिथे नोट घट्ट येते, जिथे सहज सरकते तिथून वारा आणि पाणी आत जातं. खालच्या बाजूला नोट फाटायची वेळ आली. वरच्या मागच्या कोपऱ्यात, माझ्या मांडीच्या बरोबर वर, ती अलगद बाहेर आली. आणि नेमका तिथेच रबराचा जोड. दोन टोकं वरच्या बाजूला आणून नुसती चिकटवलेली. मामा म्हणाले, जोड नेहमी खाली घ्यायचा, म्हणजे थोडं उघडलं तरी पाणी आत वाहत नाही. शाळेतल्या पोराला कळेल अशी गोष्ट.

त्यांनी नवं रबर थोडं सोलून दाखवलं. माझ्या गाडीला जे मूळचं येतं, त्याच्या खाचेत आतून पत्र्याची पट्टी असते. ती चौकटीच्या कडेला चिमट्यासारखी धरते. हाताने दाबत न्यायचं, फार तर रबरी हातोडीने थोपटायचं, बसतं. सोल्यूशन लागतच नाही. वरचा पोकळ भाग स्पंजसारखा, नखाने दाबला की लगेच वर येतो. माझ्याकडे लावलेलं होतं ते मीटरवर मिळणारं प्लॅस्टिकचं बिडिंग, नखाने दाबलं तर वळ तसाच राहिला. खाच मोठी होती म्हणून सोल्यूशन. आणि त्या सोल्यूशनने चौकटीचा रंग पापुद्र्यासारखा वर आला, खाली तांबूस गंज धरायला लागलेला. बिडिंग काढताना रंगाचे तुकडे त्याच्यासोबत निघाले.

तेव्हा मला तो क्रेटमधला तुकडा आठवला. आणून मामांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला. फाटलेली बाजू उलटी करून दाखवली. वरून रबर राखाडी, धूळ आणि माझं ग्रीस खाऊन बसलेलं. फाटलेल्या जागी आत मात्र काळं कुळकुळीत, धुळीचा कण नाही, आणि कड सुतासारखी सरळ. झिजून फाटलेलं रबर असं सरळ फाटत नाही, ते कुरतडल्यासारखं जातं. हे ब्लेडचं काम. त्या पोराच्या बोटांत काय होतं ते मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी मालकाच्या तोंडाकडे बघत होतो.

मामांनी पिन-बुश बदलली, लॉक ज्यात अडकतं तो चौकटीवरचा हुक आधी पेन्सिलने खूण करून नखभर आत सरकवला. उजव्या बाजूला मी कंपनीच्या काउंटरवरून रबर आणलं. ते साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवलं. साधं ग्रीस, डिझेल, रॉकेल रबराला लावायचं नाही, त्याने ते फुगतं, हे मला बोलणी खाऊन कळलं. रबर धरून सगळा खर्च दोन हजारांच्या आत. नुसत्या मूळ दुखण्याचा, म्हणजे पिनेचा, साडेतीनशे.

पैशांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. भाडी मारणारी गाडी म्हणजे धंदा, आपण ग्राहक कसले, असं मला वाटत होतं. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू धंद्यात मोजत नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण माझ्याकडे आहे काय? वहीचा कागद, कुठल्याशा बाईच्या नावाचा स्क्रीनशॉट आणि हातभर रबर. पक्कं बिल घेतलं असतं तर टॅक्सचे आठ-नऊशे गेले असते, पण दुकानाचं नाव तरी कागदावर आलं असतं.

तक्रारीनंतर मालकाचा फोन आला. “गाडी घेऊन या, बघून घेऊ.” बघून घेऊ म्हणजे काय ते विचारलं नाही. गेलोही नाही अजून.

डाव्या दरवाजाचं रबर काउंटरला शिल्लक नव्हतं, मागवलंय. तोवर तिकडे तेच बिडिंग आहे. घरची मंडळी परवा ओझरला दर्शनाला आली, त्याच बाजूला बसली. पाऊस लागला तशी बायकोने न बोलता खताची रिकामी गोणी गुडघ्यावर पसरली.