महिना ४९९ सांगितले, खात्यातून गेले १४,१५८ : अपॉइंटमेंट सॉफ्टवेअरचा अनुभव

माझ्या वहिनीचा नाशिकरोडला फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना आहे. फोन आणि हिशेब मी बघते. वेळा द्यायला सतत फोन घ्यावा लागायचा, म्हणून ऑनलाइन अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. कंपनीचा माणूस दवाखान्यात येऊन सगळं दाखवून गेला. पंधरा दिवस मोफत, मग महिना ४९९ रुपये, नको वाटलं तर कधीही बंद. व्हॉट्सॲपवर त्याने हे लिहूनही दिलं.

मग 'फक्त एक रुपयाचं व्हेरिफिकेशन' म्हणून त्याने क्यूआर कोड स्कॅन करायला लावला. तो कोड यूपीआय ऑटोपेचा होता, म्हणजे खात्यातून ठरावीक वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी. स्क्रीनवर एक रुपया ठळक दिसतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'कमाल रक्कम १५,००० रुपये'. हा आकडा मुद्दाम निवडलेला असतो. तेवढ्यापर्यंतच्या ऑटोपेला दर वेळी पिन लागत नाही; रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ही मर्यादा ५,००० वरून १५,००० केली. सोय ग्राहकाची होती, फायदा अशा लोकांनी उचलला.

मोफत मुदत संपली आणि १४,१५८ रुपये गेले. वर्षाचा प्लॅन ११,९९९, वर १८ टक्के जीएसटी. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी कळवावं लागतं, तसा मेसेज आलाही होता, पण सॉफ्टवेअरच्या नावाने नाही, भलत्याच कंपनीच्या नावाने. विचारलं तर म्हणे, महिन्याचा प्लॅन आता बंद झालाय.

पैशाचं एक वेळ सोडा. आम्ही सेवा बंद करायला लेखी कळवलं, तरी वहिनीच्या नावाचं बुकिंगचं पान चालूच होतं आणि लोकांना वेळा देत होतं. आम्हाला त्याची खबरही नाही. एक दिवस सिन्नरहून एक आजोबा आले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, मुलाच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी चढत. मोबाइलवर आमच्या नावाची कन्फर्म अपॉइंटमेंट. वहिनी त्या वेळी एका पेशंटच्या घरी गेलेली. ती येईपर्यंत आजोबा बाकावर पाय लांब करून बसून होते, आणि मला त्यांच्या मुलाला काय सांगावं ते सुचेना. त्याच पानावर खाली 'तुमच्या जवळचे इतर थेरपिस्ट' अशी यादीही होती. म्हणजे आमचे पेशंट आमच्याच पानावरून दुसरीकडे पाठवायचे!

पेशंटची यादी मागितली, तर ती डाउनलोड करायची सोय म्हणे वरच्या प्लॅनमध्ये. नावं, नंबर, कुणाची कंबर, कुणाचा खांदा, हे सगळं आम्ही भरलेलं, आणि ते परत घ्यायला पुन्हा पैसे.

म्हणून सांगते, असं काही घेणार असाल तर मोफत मुदतीतच दोन-चार खोट्या नावांची यादी डाउनलोड होते का आणि खातं खरंच बंद होतं का, ते करून बघा. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी कमाल रक्कम आणि मुदत वाचा. गूगल कॅलेंडर जोडताना ॲप कॅलेंडर फक्त बघायची परवानगी मागतंय की बदलायची, पुसायचीही, तेही वाचा.

फसलाच असाल तर आधी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेत जाऊन मँडेट (पैसे कापायची दिलेली परवानगी) रद्द करा, त्यासाठी कंपनीची परवानगी लागत नाही. गूगल खात्यातूनही त्या ॲपची जोडणी काढा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार. व्यवसायासाठी घेतलं म्हणून आपण ग्राहक नाही, असं कंपनी ऐकवते. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. शिवाय ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत ज्या १३ फसव्या पद्धतींवर बंदी आहे, त्यांत वर्गणीचा सापळाही आहे, म्हणजे सेवा बंद करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं. तक्रारीत आम्ही हे दोन्ही लिहिलं आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडले.

'सेटअप चार्ज' कापून बाकीचे पैसे परत आले, पानही निघालं. यादी अजून दिलेली नाही. कापलेले पैसे आणि ती यादी, दोन्हींसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत.