एक्केचाळीस कॅसेट आणि गोलाणीमागचं दुकान

मागच्या फेब्रुवारीत माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. आत एक्केचाळीस कॅसेट होत्या. खानदेशातला मे महिना ज्यांनी पत्र्याखाली काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ४५ डिग्रीच्या उन्हात पत्र्याखाली कॅसेटची डबी वाकते, आणि पट्टीला मशीनच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा असतो, त्याचा गोंद सुटतो. माझ्या निम्म्याअधिक कॅसेट हलवल्या की आत काहीतरी खुळखुळायचं. ते खुळखुळणं म्हणजे हाच तुकडा, हे दुकानात गेल्यावर कळलं.

दुकान जळगावात गोलाणी मार्केटच्या मागच्या अंगाला, एका जिन्याखाली आहे. पाटीवर ‘टेप, रेडिओ, मिक्सर दुरुस्ती’ एवढंच रंगवलंय. कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतो हे पाटीवर नाही, विचारावं लागतं. चालवणारा पस्तिशीचा आहे, दुकान आधी वडिलांचं. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला काका.

याच्या आधी मी दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात गेलो होतो. तिथल्या माणसानं पेटी उघडायच्या आत विचारलं, घरी कोण कोण, मुलं कुठं असतात, मिसेसच्या आवाजाच्या आहेत का. माझं वय त्रेसष्ट. गेली चाळीस वर्षं हे प्रश्न मी लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात, भाड्याचं घर बघताना ऐकत आलोय. पेटी उचलली आणि परत आलो.

इथल्या भाऊनं विचारलं ते असं: साठ मिनिटांच्या किती, नव्वदच्या किती? कुठं ठेवल्या होत्या? कोणत्या मशीनवर भरल्या? ते मशीन आहे का अजून? मशीन नव्हतं. मग त्यानं एक कॅसेट लावली, लहान पेचकस घेऊन हेडशेजारचा स्क्रू केसभर फिरवला, आणि कोंडलेला आवाज एकदम उघडला. प्रत्येक मशीनचं हेड पट्टीला थोडं वेगळ्या कोनात बसलेलं असतं, म्हणून ज्या मशीनवर भरली त्याचा कोन शोधावा लागतो. तो हे दर कॅसेटला करतो. बाजू बदलली की पुन्हा ऐकून बघतो.

कॅसेट उतरवायची म्हणजे ती पूर्ण वाजवावीच लागते. माझ्या वीस साठच्या आणि एकवीस नव्वदच्या, म्हणजे साडेएक्कावन्न तास. गिऱ्हाईक, वीज आणि मिक्सरची दुरुस्ती सांभाळून त्याला सात आठवडे लागले. साठच्या कॅसेटचे १२० रुपये, नव्वदच्या १६०, फेल्ट नवा बसवायचे वर ३०. तेवीस कॅसेटना फेल्ट लागले. एकूण ६,४५० झाले. ज्यांच्या डबीला स्क्रू नाहीत, चिकटवलेल्या आहेत, त्या फोडून पट्टी दुसऱ्या डबीत घालावी लागते. त्याचे त्यानं वेगळे पैसे लावले नाहीत.

आता या कॅसेटींत काय होतं ते सांगतो, नाहीतर हे काम किती नाजूक होतं ते समजणार नाही.

१९८८ साली भुसावळला मला एक माणूस भेटला. मी रेल्वेत, तो बँकेत. वर्षभरात त्याची बदली नंदुरबारला झाली. सुरत पॅसेंजरनं शनिवारी जाता येत होतं, पण दर शनिवारी जाणाऱ्या माणसाला लोक विचारतात. पत्रं लिहावीत तर दोन्ही घरांत पत्रं फोडून वाचायची रीत. मग कॅसेट सुचली. नव्वद मिनिटं कुणी बसून ऐकत नाही. मी पुस्तकं मोठ्यानं वाचून टेप करायचो आणि पार्सल करायचो. घरच्यांना वाटायचं, परीक्षेच्या अभ्यासाच्या आहेत. प्रकरण संपलं की दोन-चार वाक्यं आमची. पुन्हा पुढचं प्रकरण. तो तिकडून गाणी भरून पाठवायचा, मधेच स्वतः बोलायचा. अशा एकोणीस कॅसेट आहेत, बाकी विकतच्या.

तेराव्या नंबरच्या कॅसेटीत मी तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ वाचलंय. १९८१ मध्ये रंगमंचावर आलेलं नाटक. एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम. मराठीत आपल्यासारख्या कुणाबद्दल छापून आलेलं मी वाचलेलं हे पहिलं. वाचनालयातून आणलं तेव्हा वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. नाटकातली मित्रा शेवटी जीव देते. मी तिथपर्यंत वाचत गेलो आणि तिथं थांबलो. तो तिकडे खोलीत एकटा ऐकणार होता, त्याला हा शेवट माझ्या आवाजात ऐकवायचा नव्हता.

चौथ्या आठवड्यात भाऊचा फोन आला. “काका, तेरा नंबरमध्ये शेवटची अठरा मिनिटं कुणी बोलत नाही. पण कोरी नाहीये, माइक चालूच आहे. कापू का ठेवू?” पुस्तक मिटून मी तसाच बसून राहिलो होतो, टेप बंद करायची विसरलो होतो. मी म्हटलं, ठेव. पेनड्राइव्ह आला तेव्हा त्या फाइलचं नाव होतं ‘१३ ब ठेवायचे’. त्या अठरा मिनिटांत यार्डातलं शंटिंग ऐकू येतं, कूलरची घरघर, आणि एकदा मी नाक ओढतो. नाटकाचा शेवट त्यानं पुढे स्वतः पुस्तक मिळवून वाचला. त्यावर आम्ही बरीच वर्षं बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला मी सहज सांगितलं की गाणी हेडफोनवर ऐकायची आहेत, घरात एकाला डाव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही. २०२१ मध्ये एका सकाळी तो कान गेला, परत आला नाही. भाऊ जरा थांबला. मग म्हणाला, “मग काका, डावीकडची वाद्यं त्यांना कळतच नसतील. मी दोन्ही बाजू एक करून देतो, सगळं उजव्या कानात येईल.” चार वर्षं आम्हा दोघांच्या हे डोक्यात आलं नव्हतं. विकतच्या स्टीरिओ कॅसेटींत बरेचदा तबला एका बाजूला, संतूर दुसऱ्या बाजूला असं भरलेलं असतं. एका कानाच्या माणसाला अर्धीच मैफल मिळते. तो म्हणायचा, जुनी गाणी आता रिकामी वाटतात, आणि मी समजायचो की वय झालं.

पण दोन्ही बाजू नुसत्या एकत्र करून भागत नाही. हेडचा कोन चुकलेला असेल तर डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या किंचित मागेपुढे पडतात, आणि एकत्र केल्या की उंच सुरातलं बारीक काम, झांज, घुंगरू, शब्दातले स-श पुसले जातात. म्हणून तो स्क्रू आधी नीट लावायचा. हे त्यानं मला वाजवून दाखवलं, आधी चुकीचं, मग बरोबर.

मग त्यानं विचारलं, “तुमचे भाऊ का?” मी म्हटलं, “माझा माणूस आहे.” हे दोन शब्द मी आजवर कुठल्याही दुकानात, कचेरीत, नातलगांत म्हटले नव्हते. भाऊ म्हणाला, “मग उजव्या कानाला आवाज थोडा कमीच ठेवायला सांगा, काका. आता तोच एक आहे.”

पहिल्या संध्याकाळी गच्चीवर खुर्च्या टाकल्या. बँकेतून तो निवृत्त झाला २०१९ मध्ये, तेव्हापासून आम्ही जळगावात मेहरूणच्या बाजूला एकत्र राहतो. गल्लीला तो माझा वरचा भाडेकरू म्हणून माहीत आहे. मी ‘कोबाल्ट ब्लू’ त्याला दोनदा वाचून दाखवलंय, एकदा कादंबरी आली तेव्हा २००६ मध्ये आणि एकदा कान गेल्यावर, उजव्या बाजूला बसून. त्यातही घरात राहायला आलेला पेइंग गेस्ट आहे, आणि बहीण-भाऊ दोघेही त्याच्यात गुंततात. पहिल्या वेळी मला त्या भावाचं दुःख मोठं वाटलं होतं. दुसऱ्या वेळी सगळं लक्ष बहिणीकडे गेलं. चाळिशीत आणि साठीत पुस्तक एवढं बदलतं.

सिनेमाही तसेच. ‘उंबरठा’ मी १९८२ ला कॉलेजात असताना पाहिला. सुधारगृहातल्या दोघी एकमेकींच्या जवळ आल्याचं कळतं, त्या जागी थिएटरात लोक हसले होते आणि मी खुर्चीत खाली सरकलो होतो. शिरपूरच्या पाटलांची लेक म्हणून स्मिता पाटील आम्हाला घरचीच, आणि ती पडद्यावर हसत नव्हती एवढाच आधार होता. त्यातलं ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ त्याच्या चौथ्या कॅसेटीत आहे.

‘अलीगढ’ आम्ही २०१६ मध्ये त्याच्या नंदुरबारच्या खोलीवर दार लावून पाहिला. रामचंद्र सिरस मराठीचे प्राध्यापक, मराठीत कविता लिहिणारे. सिनेमात ते रात्री एकटे बसून लताबाईंचं ‘आप की नज़रों ने समझा’ ऐकतात. ते गाणं आमच्या कॅसेटीत आधीपासून होतं, त्यानं भरलेलं. त्या रात्री तो उठून बाहेर गेला. खऱ्या सिरस सरांना विद्यापीठानं समलिंगी संबंधांवरून निलंबित केलं होतं. अलाहाबाद हायकोर्टानं १ एप्रिल २०१० ला त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि आठवड्याच्या आत ते गेले. आम्ही पाहिला तेव्हा असे संबंध गुन्हा ठरवणारं ३७७ कलम परत लागू होतं, २०१३ च्या निकालानं. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला. तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता.

गच्चीवर त्यानं हेडफोन लावला आणि एका गझलेला हात वर केला, मला गप्प राहायची खूण. मग म्हणाला, “इथं संतूर होतं?” ती कॅसेट आमच्याकडे छत्तीस वर्षं आहे.

तक्रारी दोन. पहिल्या दोन कॅसेटींवर भाऊनं खरखर काढायचं सॉफ्टवेअर न विचारता लावलं होतं. खरखर गेली, पण तानपुऱ्याची गुंजही गेली आणि माझ्या मागचं यार्डही गेलं. मी सांगितल्यावर त्यानं दोन्ही पुन्हा वाजवून फुकट उतरवल्या, आणि आता तो आधी विचारतो. दुसरं, बाकी फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि बरीच चुकलेली. ती मी घरी बसून बदलली, तीन दिवस गेले. तुम्ही जाणार असाल तर नंबर घातलेली यादी मराठीत लिहून सोबत द्या.

मंगळवारी बंद. सकाळी अकराच्या आत गेलात तर त्याला वेळ असतो. कॅसेट स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी तापते. कापडी पिशवीत, मांडीवर घेऊन रिक्षानं जा. दोघांपैकी कुणाचा एक कान गेला असेल तर तेही सांगा, आणि कोणता ते सांगा.