पक्षी बघायला कुठे: गोरेगावचं जंगल की ठाण्याची खाडी?

मुंबईत मार्गदर्शकासोबत पक्षी बघायचे तर दोन सोपे पर्याय. एक, गोरेगावला फिल्मसिटीजवळ बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) निसर्ग शिक्षण केंद्र, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला अगदी लागून. दुसरा, ऐरोलीच्या केंद्रातून ठाणे खाडीतली बोटफेरी.

जंगलात डोळ्यांआधी कान लागतात. तांबटाची टुकटुक सगळ्यांना कळते, पण पानांआडचा हळद्या किंवा पाचोळ्यात उड्या मारणारा नवरंग सापडायचा तर सोबत जाणकार हवाच. नवरंगासाठी मेअखेर ते पावसाळ्याची सुरुवात गाठा, तेव्हा तो सारखा ओरडतो. पहाट चुकवली तर मात्र फारसं काही हाती लागत नाही. (सोबतचे गप्पिष्ट असतील तर पहाटेही नाही.)

खाडीत घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. पक्षी उघड्यावर असतात, त्यामुळे मुलं आणि आजी-आजोबा दोघंही खूश. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबर ते मे दिसतात. २०१५ साली खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रोहित ओळखायला कुणी लागत नाही. चिखलातले तुतवार मात्र एकसारखे करडे, तिथे मार्गदर्शकाची खरी परीक्षा.

पहिल्यांदाच जात असाल तर हिवाळ्यात खाडी निवडा. पण पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर माझं मत गोरेगावला. दुर्बीण दोन्हीकडे न्या, भडक कपडे घरी ठेवा. बोटीसाठी आधी नोंदणी करा आणि टोपी विसरू नका.