निवासी केंद्र की घरी राहून पुनर्वसन? पुण्यातील शुभंकरांसाठी तुलनात्मक आढावा

स्किझोफ्रेनियासारखा तीव्र मानसिक आजार असलेली व्यक्ती रुग्णालयातून घरी आली, की शुभंकरांपुढे, म्हणजे तिची काळजी घेणाऱ्या घरच्यांपुढे, सहसा दोन पर्याय असतात : काही महिने निवासी पुनर्वसन केंद्रात ठेवणे, किंवा डे-केअर (दिवसापुरते जाण्याचे केंद्र) आणि गृहभेटींच्या आधाराने घरीच पुनर्वसन करणे. औषधे दोन्हीकडे चालूच राहतात.

निवासी केंद्रात दिनक्रमाला शिस्त लागते, गोळ्या वेळेवर मिळतात आणि थकलेल्या घराला उसंत मिळते, जी अनेकदा खरोखरच अत्यावश्यक असते. मात्र दरमहा शुल्क भरावे लागते, आणि तेथे लागलेली सवय घरी टिकेलच असे नाही.

दुसऱ्या पर्यायात, म्हणजे समुदायाधारित पुनर्वसनात, हेच काम शुभार्थीच्या (आजार असलेल्या व्यक्तीच्या) घरात आणि परिसरात होते. हडपसरहून स्वारगेटला एकट्याने पीएमपीच्या बसने जाणे हे उद्दिष्ट ठरले, तर गृहभेटीला येणारा कार्यकर्ता आधी शेजारी बसतो, मग दोन आसने मागे, आणि पुढे केवळ उतरण्याच्या थांब्यावर भेटतो. तिकीट शुभार्थीनेच काढायचे, आणि गर्दीत जीव घाबरला तर कोठे उतरायचे हेही आधीच ठरलेले असते. याच भेटींत घरच्यांशीही बोलणे होते, कारण ज्याला घरात आळस म्हटले जाते तो निरुत्साह पुष्कळदा आजाराचेच लक्षण असतो, हे उमगले की रोजची बोलणी कमी होतात.

गोवा, सातारा आणि तमिळनाडू येथे स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर झालेल्या आणि 2014 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या सेवेची जोड मिळालेल्या गटात वर्षाअखेर लक्षणे आणि अक्षमता अधिक कमी झालेली आढळली. हा फरक माफक होता आणि सेवेचा खर्चही जास्त होता. या चाचणीत तुलना निवासी केंद्राशी नव्हती, हेही ध्यानात ठेवावे.

तरीही लक्षणे आटोक्यात असतील आणि घरी एक तरी सक्षम शुभंकर असेल, तर माझ्या मते पहिला पर्याय घरचाच असावा. आत्महत्येचा किंवा हिंसेचा धोका असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे तातडीने जावे. तेथे पुनर्वसनाचा प्रश्न नंतरचा. शुभंकर वृद्ध आणि एकाकी असतील, तर निवासी केंद्र निवडावे, पण मुदत आणि घरी परतण्याचा आराखडा प्रवेशाच्या वेळीच लेखी मागावा.

गृहभेटींची सेवा शहराच्या प्रत्येक भागात मिळतेच असे नाही. ती नसेल तर जवळचे डे-केअर आणि शुभंकरांचा स्वमदत गट यांची सांगड घालावी. स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने पुण्यात हे काम दीर्घकाळ केले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 19 नुसार समाजात राहणे हा शुभार्थीचा हक्क आहे. म्हणून कोणत्याही केंद्रात चौकशीला जाताना त्यांना सोबत न्यावे आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत.