दांडिया बाजारातील चौकट-मांडणीचा वर्ग: आठ रविवारांनंतरचा अभिप्राय

बडोद्यातील दांडिया बाजारात एका जुन्या वाड्याच्या माडीवर, जपानी मांगा पद्धतीच्या चित्रकथांसाठी पानाची मांडणी शिकवणारा एक छोटा वर्ग रविवारी सकाळी भरतो. या पावसाळ्यात मी सलग आठ रविवार त्या वर्गाला बसलो आणि शेवटी सोळा पानांची एक पुस्तिका पुरी केली. येथे चित्र काढायला शिकवत नाहीत. चेहरे, डोळे, केस यांचे साचे मिळत नाहीत. हे आधीच सांगायला हवे, कारण माझ्यासोबत नाव घातलेल्या दोन मुली त्याच अपेक्षेने आल्या होत्या आणि तिसऱ्या रविवारनंतर येईनाशा झाल्या. येथे शिकवतात ते एवढेच की हाती असलेली कथा पानांत आणि चौकटींत कशी बसवायची, आणि ती मराठी संवादांसह कशी बसवायची. या शहरात १९५० पासून ललित कला विद्याशाखा असल्यामुळे चित्रकला शिकवणारे पुष्कळ भेटतात. पानाची मांडणी हाच विषय धरून बसणारे मला याआधी कोणी भेटले नव्हते.

मी मकरपुऱ्यातील एका कारखान्यात यंत्रभागांची रेखाचित्रे काढतो, त्यामुळे मापे मला आवडतात, आणि पहिला रविवार बहुतेक मापांतच गेला. जपानमध्ये मांगाचे मूळ पान छापील पानापेक्षा मोठे काढण्याची पद्धत आहे. व्यावसायिक कामासाठी बी-४ आकाराचा, म्हणजे २५७ गुणिले ३६४ मिलिमीटरचा कागद वापरतात आणि त्यावर १८० गुणिले २७० मिलिमीटरची आतली चौकट फिक्या निळ्या रेषांनी आखलेली असते. हौशी पुस्तिकांसाठी ए-४ कागद चालतो. त्यावर कापल्यानंतरचे पान १८२ गुणिले २५७ आणि आतली चौकट १५० गुणिले २२० अशी धरतात. महत्त्वाचा मजकूर आणि चेहरे आतल्या चौकटीत राहतात, आणि जे चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचे असेल ते कापण्याच्या रेषेच्याही थोडे बाहेरपर्यंत काढतात. आयात केलेला कागद महाग पडतो, म्हणून वर्ग घेणाऱ्या ताईंनी (सगळे त्यांना ताईच म्हणतात) साध्या जाड ए-४ कागदावर तीच आखणी छापून घेतली आहे आणि शुल्कातच चाळीस कागद मिळतात. कागद चांगला आहे. शाई पसरत नाही. आमच्या पुस्तिका ए-५ आकारात छापायच्या होत्या, म्हणजे मूळ पान सुमारे ८१ टक्क्यांवर येणार होते. चार मिलिमीटर उंचीचे अक्षर छापल्यावर सव्वातीन मिलिमीटरचे राहते, हे त्यांनी फळ्यावर गणित करून सांगितले नाही. प्रत्येकाचा कागद खालच्या दुकानातून लहान करून आणवला आणि वाचायला लावला. निम्म्या जणांचे संवाद वाचता आले नाहीत.

दुसऱ्या रविवारचा विषय वाचनाच्या दिशेचा होता, आणि माझ्या मते या वर्गाचे खरे वेगळेपण तेथून सुरू होते. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याकडची कितीतरी हौशी मुले तशीच पाने काढतात आणि त्यांत मराठी संवाद डावीकडून उजवीकडे लिहितात. परिणाम असा होतो की डोळा चौकटीत एका दिशेने आणि पानावर दुसऱ्या दिशेने धावतो. केवळ पान आरशात पाहिल्यासारखे उलटवूनही काम भागत नाही. इंग्रजी भाषांतरांच्या सुरुवातीच्या काळात पाने तशी उलटवून छापली जात आणि उजव्या हाताने तलवार धरणारे योद्धे डावखुरे होत. ताईंचे म्हणणे असे की मराठीत लिहायचे असेल तर पान पहिल्या रेघेपासून डावीकडून उजवीकडे विचारात घ्यावे. ते मला पूर्णपणे पटते. पात्रांच्या जागासुद्धा त्यावर ठरतात: चौकटीत जो आधी बोलणार तो डावीकडे हवा, नाहीतर दोन फुग्यांच्या (संवाद ज्यांत लिहितात त्या गोलांच्या) बोलणाऱ्याकडे वळलेल्या शेपट्या एकमेकींना छेदतात. माझ्या कथेत आजी गच्चीवर नातवाला हाक मारते आणि तो उत्तर देतो. मी नातवाला डावीकडे काढले होते, म्हणून उत्तर आधी आणि हाक नंतर वाचली जात होती. सहा पानांवर दोघांच्या जागा बदलाव्या लागल्या, आणि एकदा बदलल्यावर सलग दृश्यात त्यांची बाजू मध्येच उलटू नये याचीही काळजी घ्यावी लागली.

तिसरा आणि चौथा रविवार मी कधी विसरणार नाही, कारण ते दोन्ही केवळ फुग्यांवर खर्च झाले. जपानी संवाद उभ्या ओळींत लिहिले जातात. म्हणून मांगातला फुगा उभट असतो, आणि उभट फुगा मावतो म्हणूनच एका रांगेत तीन-चार अरुंद, उंच चौकटी शेजारी शेजारी ठेवता येतात. आपल्याला त्या पानांतले जे चापल्य आवडते त्यातले पुष्कळसे या उभ्या लिपीमुळे शक्य झालेले आहे, हे मी वर्षानुवर्षे मांगा वाचूनही ओळखले नव्हते. देवनागरी आडवी चालते. ‘विचारल्याशिवाय’, ‘उतरवून घेतल्यावर’ असे शब्द उभट फुग्यात घालायचे तर ते तोडावे लागतात, आणि संयोगचिन्ह देऊन तोडलेला मराठी शब्द बोलताना अडखळल्यासारखा वाचला जातो. त्यातच शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. ओळींमध्ये पुरेशी जागा सोडली नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. वर्गातल्या गुजराती मुलांना हा त्रास जरा कमी झाला, कारण त्यांच्या लिपीला शिरोरेषा नाही. आमच्या फुग्यांत मात्र शिरोरेषांचे काळे आडवे पट्टे तयार होत आणि फुगा चौकटीच्या वरच्या कडेला टेकला की ती कड आणि शिरोरेषा एकमेकींत मिसळून जात.

यावर ताईंची रीत साधी आणि कष्टाची आहे. चित्राचा विचारही करण्याआधी सगळे संवाद खऱ्या मापात हाताने लिहायचे, कात्रीने कापायचे आणि कोऱ्या पानावर त्या चिठ्ठ्या सरकवत बसायचे. त्या चिठ्ठ्यांनी जागा अडवल्यावर जे उरते तेवढेच चित्राचे. अशा रीतीने केल्यावर आपोआप कळते की ज्या चौकटीत बोलणे आहे ती रुंद हवी, एका रांगेत अशा दोनपेक्षा जास्त मावत नाहीत, आणि अरुंद उभ्या चौकटी मुक्या क्षणांसाठी राखून ठेवाव्यात. माझ्या कथेतल्या पतंगाच्या पेचासाठी मी चार उभ्या चौकटी सलग ठेवल्या आहेत: बोटे, मांजा, आभाळ, डोळे. त्यांत एकही शब्द नाही. त्याआधीची बोलण्याची रांग रुंद आणि संथ असल्यामुळे या चार चौकटी मांगातल्यासारख्याच वेगाने वाचल्या जातात. संवाद छाटण्याची शिस्तही येथेच लागली. बावीस शब्दांचे एक वाक्य मी नऊ शब्दांवर आणले, आणि आजीचा स्वभाव त्यात अधिक स्पष्ट उतरला.

चौकटींमधल्या फटी ही दुसरी गोष्ट जी येथे नीट शिकवली जाते. शेजारच्या दोन चौकटींतली उभी फट अरुंद, दोन-तीन मिलिमीटरची, आणि दोन रांगांमधली आडवी फट तिच्या दुप्पट-तिप्पट ठेवायची. म्हणजे डोळा आधी रांग संपवतो आणि मगच खाली उतरतो. चारही बाजूंनी सारखी फट ठेवली की वाचक गोंधळतो. नियम एवढाच आहे, पण तो मोडायचा असेल तर फुग्यांनी वाट दाखवावी लागते, आणि ते कसे करायचे यासाठी एक अख्खा तास होता.

ध्वनिशब्दांवर मात्र अधिक वेळ हवा होता. मांगात आवाज हा चित्राचाच भाग असतो, आणि जपानीत शांततेसाठीसुद्धा ‘शीऽऽन’ असा शब्द पानावर काढतात. मराठीत सर्रकन, खट्टकन, भुर्रकन, लख्ख, चिडीचूप अशी केवढी संपत्ती पडलेली आहे! तो तास अर्ध्यावर संपला याची मला अजून हळहळ वाटते.

पाचव्या रविवारी वर्ग चालत तांबेकर वाड्यात गेला. एकोणिसाव्या शतकातील या वाड्याच्या भिंतींवर महाभारतातील आणि कृष्णचरित्रातील प्रसंग रंगवलेले आहेत. दारे, खिडक्या, कोनाडे यांच्यामधून चित्रकारांनी जागा काढली आहे. प्रत्येकाने एक भिंत निवडायची, नजर कोठे प्रथम जाते, तेथून कोठे वळते आणि कोठे थांबते हे वहीत बाणांनी दाखवायचे, असा अभ्यास होता. मी या वाड्यासमोरून शाळकरी वयापासून जात आलो आहे. पण खिडकीमुळे तुटलेल्या जागेत चित्रकाराने पात्रांचा रोख कसा वळवला असेल, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. परत येऊन त्याच दिवशी मी माझे चौथे पान पुन्हा आखले.

पान उलटण्याच्या जागेला जपानीत ‘मेकुरी’ म्हणतात, आणि कच्च्या आराखड्याला ‘नेमु’. नेमु काढताना पाने एकेकटी न काढता समोरासमोरच्या जोड्यांनी काढायची, अशी येथे सक्ती आहे. आपल्या पुस्तकात पहिले पान उजवीकडे येते, मग दोन-तीन, चार-पाच अशा जोड्या पडतात; म्हणून पान नेहमी विषम क्रमांकानंतर उलटते, आणि वाचकाला पुढे ओढणारी चौकट विषम पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असावी लागते. चार ए-४ कागद मध्ये दुमडून टाचले की सोळा पाने होतात, आणि त्यांत केवळ आठ-नऊ हे मधले जोडपान एकाच कागदावर सलग येते. इतरत्र दोन पानांवर पसरलेले चित्र मध्ये थोडे सरकण्याचा धोका असतो. मी उत्तरायणाच्या आभाळाचे मोठे चित्र आधी सहा-सात पानांवर घेतले होते. ते मध्यावर नेण्यासाठी सुरुवातीला दोन पाने वाढवावी लागली, आणि ती भरण्याकरता आजीच्या जुन्या चक्रीचा प्रसंग सुचला, जो आता मला साऱ्या कथेत सर्वांत प्रिय आहे. मांजा तुटतो तो सातव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत. उलटले की आभाळ.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि ते फार होतात. आठापेक्षा अधिक घेऊ नयेत, कारण प्रत्येकाचा नेमु पाहायला शेवटी पाच-सात मिनिटेच मिळतात. माडीवर पावसाळी सकाळी उजेड अपुरा असतो आणि फिक्या निळ्या रेषा दिसत नाहीत. मी तिसऱ्या रविवारपासून घरचा दिवा नेऊ लागलो. संगणकावर चौकटी आखणे, अक्षरे बसवणे यासाठी एकच रविवार राखलेला आहे आणि तो पुरत नाही. ज्यांना पूर्ण काम टॅब्लेटवर करायचे आहे त्यांना वेगळी सोय पाहावी लागेल. तरीही चिठ्ठ्या सरकवण्याचा सराव कागदावर झाल्यामुळे संगणकावर मी कमी चुकलो, हेही तितकेच खरे आहे.

शेवटच्या रविवारी प्रत्येकाने मांगा कधीही न वाचलेली एक व्यक्ती आणायची असते. तिने आमचा नेमु बोट फिरवत मोठ्याने वाचायचा, आणि आम्ही तोंडातून अवाक्षर काढायचे नाही. मी शेजारच्या मावशींना नेले. पाचव्या पानावर त्यांचे बोट दुसऱ्या चौकटीवरून थेट चौथीवर उतरले, तिसरी तशीच राहिली, मागे फिरून त्या म्हणाल्या, “अरे, हा मुलगा गच्चीवर आला कधी?” मी तेथली आडवी फट तीनवरून सात मिलिमीटर केली, तिसऱ्या चौकटीतला फुगा दुसरीच्या कडेवर थोडा चढवला आणि पुढच्या आठवड्यात तेच पान त्यांच्या घरी नेऊन पुन्हा वाचायला दिले. या वेळी बोट क्रमाने गेले. सातव्या पानाशी त्या थांबल्या, आणि पान उलटण्याआधी त्यांनी चष्मा नीट केला.

आठ रविवार, प्रत्येकी अडीच तास, शुल्क ३,६०० रुपये आणि त्यात कागद. निब, शाई व पट्टी आपली आणावी लागते. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होईल असे ताईंनी सांगितले आहे. प्रवेश घेणाऱ्याने निदान आठ पानांची कथा संवादांसह लिहून न्यावी, कारण पहिल्या तीन रविवारांत कथा शोधत बसलेल्यांना चिठ्ठ्या कापायला काही नव्हते.