मकॉय की शॉनी? पहिली जुनी कुकी-बरणी घेताना

इथे अमेरिकेत कुठल्याही अँटिक मॉलमध्ये चिनी मातीची डुकरं, अस्वलं, विदूषक फळीवर बसलेले दिसतात. या असतात बिस्किटं ठेवायच्या बरण्या, आणि पहिली खरेदी बहुधा मकॉय आणि शॉनी या दोन नावांपाशी अडते. दोन्ही कारखाने ओहायोचे: मकॉय रोझव्हिलचा, शॉनी जवळच्याच झेनस्व्हिलचा. शॉनी १९३७ ते १९६१ एवढाच चालला, मकॉयने १९९० पर्यंत तग धरला. त्यामुळे मकॉयचा माल मुबलक आणि भावही आवाक्यातले. शॉनीच्या ‘स्मायली पिग’ या हसऱ्या डुकराच्या बरणीसाठी खिसा सैल सोडावा लागतो. (चित्रकार अँडी वॉरहॉलच्या संग्रहातल्या बरण्या १९८८ मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे अडीच लाख डॉलरना गेल्या. तेव्हापासून जो तो आपल्या माळ्यावरच्या बरणीकडे आशेने बघतो.)

मला खटकलं ते मकॉयचं रंगकाम. चाळीसच्या दशकातल्या त्यांच्या बऱ्याच बरण्यांवर रंग भट्टीनंतर, झिलईच्या वरून दिलेला आहे. तो भाजलेला नसल्याने धुण्यापुसण्यात निघतो. माझ्याकडच्या विदूषकाचा लाल रंग आता फक्त कॉलरच्या चुण्यांत आणि ओठाच्या खाचेत उरलाय; कुणीतरी वर्षानुवर्षं इमानेइतबारे घासला असणार. त्याचंही काही नाही. पण काही विक्रेते वरून ताजा रंग फासून ‘ओरिजिनल’ म्हणून पुढे करतात, आणि दुकानातल्या पिवळ्या उजेडात भल्याभल्यांना ते कळत नाही.

आमची बरणी शोभेची नाही, दिवाळीत तिच्यात नानकटाई असते. लहानपणी घरी ओव्हन नव्हता. आई तूप-साखर फेसून गोळे वळायची, आम्ही ते ट्रे बेकरीच्या भट्टीवर न्यायचो आणि नंबर लागेपर्यंत वासावरच अर्धं पोट भरायचं. ती नानकटाई ज्या भांड्यात ठेवायची, त्याला तुपकट हात लागणारच. ओल्या फडक्याची धास्ती घ्यावी लागते असं भांडं काय कामाचं? माझ्या स्मायलीच्या अंगावरची फुलं झिलईच्या आत आहेत, कितीही पुसा. अर्थात शॉनीच्याही सुरुवातीच्या काही बरण्यांवर वरचा रंग असतो, तेव्हा बोट फिरवून बघाच.

झाकणाच्या बाबतीत दोघंही सारखेच: नुसतं टेकवलेलं. न्यू जर्सीच्या दमट उन्हाळ्यात आतला खाऊ बघता बघता सादळतो. शिवाय जुन्या झिलईत शिसं असू शकतं, म्हणून आम्ही नानकटाई घट्ट बंद पिशवीत घालून मगच बरणीत ठेवतो.

नुसती कपाटावर मांडायची असेल तर मकॉय खुशाल घ्या, माती दणकट वाटते. फक्त मोजपट्टी जवळ ठेवा. अस्सल बरणीवरून साचा काढून केलेली नक्कल भट्टीत आकसते, त्यामुळे मूळ मापापेक्षा थोडी लहान भरते. रोज हात घालायचा असेल तर, माझ्यापुरतं सांगतो, चार पैसे जास्त मोजून शॉनीच घ्यावी. डुकराच्या गळ्यातला रुमाल लाल हवा की निळा, हे घरच्यांना विचारा.