सेकंद कागदावर मोजायचे की माणसांशेजारी बसून?

नव्या स्क्रीनवर एका कामाला किती वेळ लागेल, हे आधीच कळायला हवं असेल तर दोन वाटा आहेत: कागदावर हिशेब करा, किंवा माणसांना बसवून घड्याळ लावा.

कागदावरची रीत १९८०ची. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूवेल या संशोधकांनी मांडलेलं हे कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल. साधारण टंकलेखकाला एक कळ दाबायला ०.२८ सेकंद, माऊसने नेम धरायला १.१, क्लिकला ०.२, हात माऊसवरून कीबोर्डवर न्यायला ०.४ आणि मनाशी ठरवायला १.३५. हे आकडे घेऊन जन्मतारखेचंच बघा. आठ अंक टाइप करायचे तर ठरवणं, नेम, क्लिक, हात हलवणं आणि आठ कळा मिळून ५.२९ सेकंद. दिवस, महिना, वर्ष अशा तीन उघडणाऱ्या याद्या ठेवल्या तर प्रत्येकीला (ठरवणं, दोनदा नेम, दोनदा क्लिक) ३.९५, म्हणजे ११.८५. त्यात १९७२सारखं जन्मवर्ष शोधायला यादी खाली सरकवणं धरलेलंच नाही. एक ओळही कोड न लिहिता हे पाच मिनिटांत कळतं, म्हणून मला ही रीत मनापासून आवडते.

तिचं बळ कुठवर जातं, ते अमेरिकेत नायनेक्स या टेलिफोन कंपनीत दिसलं. ऑपरेटरसाठी आणलेलं नवं यंत्र दिसायला वेगवान होतं. वेन ग्रे आणि बॉनी जॉन या संशोधकांच्या गटाने याच घराण्यातल्या अधिक बारीक पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा ते जुन्यापेक्षा किंचित संथच निघालं. चार महिन्यांच्या प्रत्यक्ष चाचणीतही तेच दिसलं. नव्या यंत्राने काही कळा वाचवल्या होत्या, पण ऑपरेटर ग्राहकाशी बोलत असताना आपोआप उरकणाऱ्या त्या कळा होत्या. उलट कॉलच्या शेवटी, जिथे सगळं थांबून राहतं, तिथे एक कळ वाढली होती.

पण हा सगळा हिशेब सरावलेल्या, न चुकणाऱ्या माणसाचा आहे. सेतू केंद्रात दिवसभर तोच अर्ज भरणाऱ्या ऑपरेटरसाठी स्क्रीन करत असाल तर बिनधास्त कागद घ्या. वर्षातून एकदा मोबाईलवर अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्यासाठी असेल, तर त्याचा वेळ शब्द न कळण्यात, मागे जाण्यात आणि ओटीपीची वाट पाहण्यात जातो. तिथे पाच-सहा जणांच्या शेजारी बसणंच खरं. वेळ जास्त जातो, माणसं जमवावी लागतात, पण अडखळण्याची जागा दिसते. इतक्या थोड्या माणसांच्या सरासरी वेळेवर मात्र फार विसंबू नका.

मराठी फॉर्मसाठी कागदी रीत वापरताना एक सांभाळा: अक्षरं मोजू नका, कळा मोजा. ‘स्त्री’ हे दिसायला एकच जोडाक्षर, पण इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर त्यातला प्रत्येक भाग वेगळा टाइप केला तर सहा कळा लागतात. शिवाय ०.२८ हा आकडा इंग्रजी टंकलेखनाचा. आपल्या ऑपरेटरला मराठीतले दोन परिच्छेद टाइप करायला लावून त्याचा स्वतःचा आकडा काढा आणि मगच बेरीज करा.